शेवटचे दोन आकडे

१० सप्टेंबर २०१७, रविवार

आजपासून लिहायला घेतले, कारण या घरात खासगी गोष्ट ठेवायला दुसरी जागा नाही. मराठीत लिहिते आहे हेच या वहीचे कुलूप. अब्बा उर्दू वाचतात, सासूबाई कुलसुमबी फक्त चेहरे वाचतात, आणि आमचे हे, अजहरमियाँ, मोबाइलवर रोमन अक्षरांत येईल तेवढेच. अकोल्याच्या मराठी शाळेत शिकल्याचा आणि डी.एड. केल्याचा हा एक तरी फायदा. नोकरीचा फायदा अजून व्हायचा आहे.

बातमी अशी की अब्बांनी होकार दिला! अमरावतीत ज्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात त्या माझ्या सासऱ्यांनी, गयासुद्दीन बँडवाल्यांनी, बाजाखोली मला द्यायचे कबूल केले. सध्या माझी शिकवणी स्वयंपाकघरात चालते. आठ मुले पाढे म्हणतात आणि फोडणीच्या वेळी सगळी मिळून शिंकतात. रस्त्यावर दार असलेली ती खोली मिळाली तर पंचवीस मुले बसतील.

खोलीत बाजे आहेत, एवढीच अडचण. ढोल आणि ताशे गणपतीच्या मंडळांनी नेले. उरले एकोणीस पितळी बाजे. गेल्या हंगामात तीन लग्ने झाली, त्यातल्या एकात नवरदेवाच्या मामाने मध्येच डीजे लावला. खेड्यांतली लग्ने कापसावर ठरतात, आणि कापूस काय करतो ते सगळे पाहत आहेत. वाजवणारे एकेक करून पांगले. तरी अब्बा रोज खोलीत जाऊन बाजे पुसत बसायचे.

त्यांची अट एकच. "बेच. लेकिन बजानेवाले के हाथ में जाना. भंगार में एक भी नहीं." आणि वर, "मेरे को कुछ पूछना मत."

अजहर पुण्याहून फोनवर म्हणाला, नोव्हेंबर संपेपर्यंत जे विकले जाणार नाही ते मोडवाल्याला वजनावर. त्याने अकोल्यातला मोडवाला ठरवूनही टाकला आहे. मी म्हटले, तशी वेळच येणार नाही. ऑनलाइन आहे ना.

१४ सप्टेंबर, गुरुवार

चार वर्षे झाली लग्नाला, पण बाजाखोलीत आज पहिल्यांदा पाय टाकला. बायकांनी तिकडे जायचे नाही असा काही नियम नाही, पण कुणी गेलेले नाही. वाजवणारे रस्त्याच्या दाराने यायचे आणि तिकडूनच जायचे. आम्हाला फक्त आवाज. नवी नवरी असताना सकाळी स्वयंपाकघरात अब्बांचा आवाज ऐकू यायचा: "इकतालीस! सात! अडसठ! तिरानवे!" बाजे मोजून घेत असावेत. पण मोजणी कधी ओळीने नसायची, सातानंतर एकदम अडसठ. मास्तरांचे संगीत पक्के आणि गणित कच्चे, असा मी मनात शेरा मारला होता.

बाजे चिंच लावून घासले. आश्चर्याची गोष्ट म्हणजे एकाही बाज्याला तोंडाकडचा फुंकायचा तुकडा, तो माउथपीस, नाही. एकोणीसच्या एकोणीस गायब! कुणीतरी हळूहळू लांबवलेले दिसतात. अब्बांना विचारायची सोय नाही. जाहिरातीत लिहिले, 'माउथपीस नाही'.

प्रत्येक बाज्यावर कंपनीने ठोकलेला लांबलचक नंबर आहे. फोटो काढणार इतक्यात माझा चुलतभाऊ गुलफामचा फोन आला. त्याचे अकोल्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि जगातली सगळी फसवणूक त्याला तोंडपाठ आहे. म्हणाला, "शाइस्ता, नंबर झाक. फोटोतला नंबर कोणी उचलते, खोटी पावती बनवते, आन् म्हन्ते हा माल माया हाये, चोरीले गेलता. मंग बस पोलिसात चकरा मारत."

कोपऱ्यावरून निळी चिकटपट्टी आणली, वायरमन वापरतात ती. एकोणीस नंबरांवर एकोणीस पट्ट्या घट्ट लावल्या. अम्मी, म्हणजे सासूबाई, दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "अब्बा को पूछ तो ले." मी म्हटले, त्यांनीच विचारू नको म्हटले आहे. त्या नुसता चेहरा करून गेल्या.

१७ सप्टेंबर, रविवार

तीन दिवसांत पाच चौकशा! आणि पाचही चोर.

मी अतिशयोक्ती करत नाही. एकानेही 'किती जुना आहे', 'आवाज कसा आहे' असे विचारले नाही. किमतीत घासाघीसही नाही, आणि ज्या माणसाला भाव करावासा वाटत नाही त्याची नियत मला आधीच संशयास्पद वाटते. पाचही जणांचा प्रश्न एकच: नंबर काय आहे? अचलपूरच्या एकाने तर लिहिले, "पूर्ण नको ताई, शेवटचे दोन आकडे सांगा फक्त." वा! बँकेच्या नावाने फोन करणारे निदान चार आकडे मागतात.

पाचही जणांना ब्लॉक केले. गुलफामला कळवले. तो म्हणाला, टोळी असेल.

२५ सप्टेंबर, सोमवार

आणखी तिघे. शेंदूरजनाघाटचा एक, संत्र्याच्या मंडीत हमाली करतो म्हणतो. हमालाला ट्रम्पेट कशाला हवे? त्यालाही दोनच आकडे हवे होते. ब्लॉक.

खरा ग्राहक एकही नाही. अब्बा अंगणात बसून असतात. मी मोबाइल घेऊन जवळून गेले की मान वळवून बघतात, विचारत काहीच नाहीत. आज जेवताना अम्मींना म्हणाले, "कोई पूछ रहा क्या बाजे को?" मी आतून ऐकले. मला वाईट वाटले. पण टोळीची गोष्ट सांगून त्यांना घाबरवायचे कशाला?

३ ऑक्टोबर, मंगळवार

गुलफाम म्हणाला होता ते अक्षरशः घडले. मेसेज जसाच्या तसा उतरवून ठेवते, पुरावा म्हणून.

"मोठ्या युफोनियमचा नंबर ६८ वर संपते काय? खालच्या बाजूले डाव्या अंगाले पोचा आहे. तो माझा आहे. कोणाले देऊ नका. मी ६८ आहे, मास्तरले सांगा. देवीदास, अकोला."

युफोनियम म्हणजे दोन्ही हातांत लेकरासारखा धरायचा मोठा बाजा. मी धावत खोलीत गेले. पट्टी सोलली. शेवटचे दोन आकडे: ६८. बाजा उलटा केला. डाव्या अंगाला पोचा. तो पोचा फोटोत दिसतच नाही!  झाकलेला नंबर याला कसा कळला? वर म्हणे तो माझा आहे. आणि स्वतःचे वय सांगून दयेची याचना! मास्तर हा शब्द फोटोतल्या मागच्या पाटीवरून उचललेला दिसतो. हे लोक किती बारीक बघतात.

पट्टी परत लावली, यावेळी दुहेरी.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

पोलीस ठाण्यात जाऊन आले. गुलफाम सोबत होता. हवालदारसाहेबांनी आधी जांभई दिली, पण माउथपीसचे ऐकल्यावर ताठ बसले. "एकोणीसच्या एकोणीस गेले? मंग घरचाच माहीतगार हाये कोनी." बघा, अनुभव म्हणतात तो हा.

युक्ती माझी. मी देवीदासला मेसेज केला: "शुक्रवारी तेरा तारखेला अमरावतीला या. एस.टी. स्टँडच्या कँटीनपाशी. बाजा दाखवते." दोन मिनिटांत उत्तर: "येतो. फार उपकार झाले ताई." उपकार! मासा गळाला लागताना आभारही मानतो.

अब्बांना सांगितले नाही. काम झाले की एकदम सांगीन. नाहीतरी त्यांना वाटते की शिकलेली सून म्हणजे नुसती फी भरून आणलेले शहाणपण.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचे नव्हते. पण खरे फक्त यशाच्याच दिवशी लिहिले असे व्हायला नको, म्हणून लिहिते.

तो अकराच्या गाडीने आला. मी आणि गुलफाम लांब उभे होतो. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी. अडुसष्ट वर्षांचा अजिबात नव्हता, तेव्हा मला वाटले हेही खोटेच. साध्या कपड्यांतल्या हवालदाराने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने आधी नमस्कार केला. त्याला वाटले, बाजेवाल्यांचाच माणूस घ्यायला आला.

ठाण्यात पिशवी टेबलावर उपडी केली. एक नारळ, हळदकुंकवाची पुडी, झेंडूचा हार, रुमालात बांधलेले पैसे. आणि सदऱ्याच्या खिशातून निघाला एक पितळी माउथपीस, वापरून वापरून कडेला पांढरा पडलेला.

"हा पाहा चोरीचा माल!" असे मी म्हणाले. मी. मोठ्याने.

तो म्हणाला, "बाई, तो तं मायाच हाये. बाजा मास्तरचा, तोंड ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडानं कोन वाजवते?" हवालदार म्हणाले, "गप बस." तो बाकावर बसला. दोन तास बसला. बाजूला त्याचा नारळ.

मालकाचा जबाब हवा म्हणून अब्बांना बोलावले. ते अजहरच्या मित्राच्या स्कूटरवर आले, टोपी वाकडी, श्वास लागलेला. दारातून आत पाहिले आणि थांबले. देवीदास बाकावरून उठून उभा राहिला, एकदम ताठ, दोन्ही हात छातीशी घेऊन, जणू हातात काही आहे.

"अरे!" अब्बा ओरडले. "अडसठ!"

"सलाम मास्तर."

अब्बांनी त्याला मिठी मारली. गेल्या दोन वर्षांत त्यांना इतके हसताना मी पाहिले नव्हते. "किधर था रे तू? और इधर कायको बैठा है? दाढ़ी भी पक गई तेरी, अडसठ."

 सकाळची ती मोजणी मला तिथे उभ्या उभ्या कळली. ते बाजे मोजत नव्हते. माणसांना बोलावत होते. खोलीच्या दाराशी उभे राहून बाज्याचा नंबर पुकारायचा, ज्याचा त्याने पुढे येऊन घ्यायचा, आणि पुढे तोच त्याचा नंबर, तेच त्याला हाक मारायचे नाव. आठ माणसांनी मला आपली ओळख विचारली होती आणि मी त्यांना ब्लॉक केले होते.

इथे संपले असते तर बरे होते. हवालदारांनी कागद पुढे सरकवला. "ओळखता ना? मंग लिहून द्या आन् न्या. मी गयासुद्दीन अमुकतमुक, समक्ष लिहून देतो की, या इसमाले चांगलं ओळखतो. नाव?"

अब्बा म्हणाले, "अडसठ."

"नाव, चाचा. मायबापानं ठेवलेलं."

 अब्बांनी देवीदासकडे पाहिले. "देव... देवराव. नहीं? देवबा?" पैशांचा हिशेब आणि माणसांची वही अब्बांच्या भावाकडे, अल्लाला प्यारे झालेल्या चाचांकडे असायची. नावे त्यांना ठाऊक. अब्बांना सूर ठाऊक आणि नंबर.

"किती वर्सं होता हा तुमच्याकडे?" हवालदारांनी विचारले.

"बाईस साल."

"बावीस वर्सं! आन् नाव मालूम नाई?" ते हसले. त्यांचे हसणे वाईट नव्हते, कुणीही हसले असते.

देवीदास हसला नाही. दोन तास बाकावर बसूनही त्याचा चेहरा जसा झाला नव्हता तसा आता झाला. त्याने स्वतःच सांगितले, "देवीदास किसन खेरडे. लिहा." मग नारळ, हार, रुमाल परत पिशवीत भरले, माउथपीस खिशात टाकला. अब्बा म्हणाले, "चल घर, बाजा तेरा राह देख रहा."

"नको मास्तर. बाजा नको आता मले."

आणि तो स्टँडकडे पायी निघून गेला.  मला लाज वाटते आहे. याहून चांगला शब्द मला दोन्ही भाषांत सापडला नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अब्बा जेवले नाहीत. मला रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला उत्तर तरी देता आले असते.

२३ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. सगळ्या पट्ट्या सोलल्या, डिंक रॉकेलने काढला. नवे फोटो टाकले, प्रत्येक नंबर मोठा आणि स्वच्छ. ब्लॉक केलेल्या आठही जणांना मोकळे केले, माफी मागितली, शेवटचे दोनच नाही तर पुरे आकडे लिहून पाठवले.

उत्तर नाही. सगळ्यांनी वाचले आहे, निळ्या खुणा दिसतात. ठाण्याची गोष्ट त्यांच्यात पोचलेली दिसते. पहिल्यांदा मी नंबर झाकले तेव्हा सगळे विचारत होते. आता उघडे करून बसले आहे तर कुणी बघत नाही.

अजहरचा फोन: मोडवाला तीस नोव्हेंबरला टेम्पो आणणार, पितळेला भाव बरा आहे. मी म्हटले, थांब. तो म्हणाला, "तुलाच खोली पाहिजे होती ना?" हो, मलाच. मी आज मुलांना स्वयंपाकघरातच शिकवले आणि फोडणी दिली नाही.

अम्मी रात्री म्हणाल्या, "जा उसके घर." मी म्हटले, अब्बा येतील का? अब्बा आतून म्हणाले, "मैं कौन से मुँह से जाऊँ? नाम तक नहीं था मुँह में."

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले, युफोनियम चादरीत गुंडाळून. कंडक्टरने आधी मूल समजून वय विचारले, मग चादर बाजूला करून पाहिले आणि सामानाचे तिकीट फाडले. मूर्तिजापूरपर्यंत मागच्या सीटवरचे दोघे 'वाजवून दाखवा' म्हणत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, हिरवीगार, आणि शेजारची बाई म्हणाली की बोंडे फोडली तर आत अळीच अळी आहे. वरून पाहून काही कळत नाही म्हणाली. मी बाज्यावर हात ठेवून बसून राहिले.

देवीदास भाजीबाजारात बसतो हे गुलफामने शोधून काढले. तेवढे तरी त्याने केले. सांभार म्हणजे कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या मांडून त्याची बायको जाईबाई बसली होती. तो मागे झेंडू तोलत होता. जाईबाईने माझ्याकडे पाहिले, चादरीकडे पाहिले आणि ओळखले.

"पोलीस नाई आनले का सोबत आज?"

मी खाली बसले, पोत्यावर, त्यांच्या समोर. पाठ केलेले सगळे विसरले. एवढेच म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मी यांना चोर म्हटलं. हे चोर नाहीत."

"हे आमाले मालूम हाये," जाईबाई म्हणाली. "तुमाले उशिरा मालूम झालं."

देवीदास पुढे आला. मी चादर सोडली. त्याने बाज्याला हात लावला नाही, पण त्याची नजर पहिल्यांदा त्या पोच्यावर गेली. मी म्हटले, "तुमचाच आहे. घ्या. पैसे नकोत."

तेव्हा तो रागावला. ठाण्यात रागावला नव्हता, इथे रागावला. "फुकट? फुकट नेला तं मंग मी चोरच झालो ना, बाई! बावीस वर्सं वाजवला, पन तो मास्तरचा होता. आता इकत घेईन. नाईतं उचला अन् जा."

"घ्या विकत."

"पावती?"

बँडचे जुने पावतीपुस्तक मी आणले होते, नशिबाने. गुडघ्यावर ठेवून लिहू लागले: युफोनियम, नग एक, नंबर... आणि बाजा फिरवून आकडे बघू लागले.

"नंबर कायले लिहून राह्यल्या? तो कोनाले सांगाचा हाये? नाव लिहा. पुरं लिहा."

मी लिहिले: श्री. देवीदास किसन खेरडे, राहणार अकोला, यांस. 'श्री.' वर त्याचे बोट थांबले. जाईबाईला दाखवले. तिला वाचता येत नाही, तरी तिने नीट पाहिले. मग रुमाल सोडून पैसे दिले, पूर्ण किंमत, आणि पावती घडी करून पैशांच्या जागी रुमालात बांधली.

मी विचारले, "बाकीच्यांचं काय? ते मला उत्तर देत नाहीत. तीस तारखेला टेम्पो येईल. तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी नाई सांगनार. मास्तरनं बोलवावं." मग झेंडू तोलत, "पन नावानं."

"त्यांना नावं माहीत नाहीत."

"मले हायेत."

आणि त्याने सांगितली. भाजी घेणारी माणसे येत होती, जाईबाई जुड्या देत होती, आणि तो झेंडूच्या ढिगामागे बसून अठरा माणसे सांगत होता, नाव, बापाचे नाव, गाव, असेल त्याचा फोन. मी पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतले. सात म्हणजे शेंदूरजनाघाटचे शेषराव, तेच संत्र्याच्या मंडीतले हमाल. इकतालीस सेमाडोहकडे जंगलात गाडी चालवतो. तिरानवे म्हणाला आणि थांबला. "तो गेला मागच्या साली. पन नाव लिहा." मी लिहिले.

निघताना मी म्हटले, एकदा वाजवा ना. "तुमच्यासमोर नाई," तो म्हणाला. बाजाराच्या फाटकापर्यंत गेले तरी मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. आवाज काही आला नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

अब्बा दोन दिवस पाठांतर करत आहेत. मी यादी उर्दू अक्षरांत उतरवून दिली. माझी आठ मुले पाढे म्हणतात आणि अंगणात सासरे म्हणतात, "सात, शेषराव. छप्पन, जयवंत. सात..." चुकले की स्वतःच्याच गुडघ्यावर चापट मारतात. अम्मी मध्येच परीक्षा घेतात. "इकतालीस?" विचारले की आकाशाकडे बघतात. मी चार वर्षे मास्तरांचे गणित कच्चे समजत होते. कच्चे होते ते दुसरेच, आणि माझे तर दोन्ही.

दुपारी म्हणाले, "लगा फोन." शेषरावांपासून सुरुवात. स्पीकर लावला. अब्बांनी टोपी सारखी केली, जणू समोरच्याला दिसणार आहे.

"हॅलो, शेषराव का?"

"हो. कोन बोलून राह्यलं?" मागे मंडीचा गलका.

"मी गयासुद्दीन."

"कोन गयासुद्दीन?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी ओठांनी म्हटले, मास्तर, मास्तर म्हणा. त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. मग सावकाश, हवालदारापुढे जबाब द्यावा तसे बोलले, "गयासुद्दीन अमीनुद्दीन. बँडवाला. अमरावती."

पलीकडे गलक्यात कुणाला तरी 'थांब रे' म्हटल्याचे ऐकू आले.

"मास्तर?" शेवटी आवाज आला. "मास्तर, तुमी होय? माया बाजा हाये का गेला?"

"हाये. येऊन घेऊन जा. पावती देतो, तुमच्या नावाची."

"येतो ना. आयतवारी येतो." आणि मग, "पन मास्तर, तुमचं नाव गयासुद्दीन हाये?"

अब्बा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, टोपीनेच.

"हो," म्हणाले. "लिहून घे."